उतरवणार कुठे?

जड सामान उचलणाऱ्या त्या टोळीत नवा माणूस आला, की मुकादम त्याला पहिल्या दिवशी दोराला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. आधी सामानासमोर उभं करायचा. समोर तिजोरी असो, बेकरीची भट्टी असो, दवाखान्यातलं एखादं यंत्र असो, प्रश्न ठरलेला.

"हे वर न्यायचंय. काय करशील?"

नवा माणूस बाह्या सावरून सांगायला लागायचा. पट्टा इथून घालीन, साखळी तिथून सोडीन, अमुक करीन, तमुक करीन. मुकादम शांतपणे सगळं ऐकून घ्यायचा.

"उचलशील रे. उचलतं कुणीही. उतरवणार कुठे?"

मग तो भला माणूस वर बघायचा, खाली बघायचा आणि डोकं खाजवायचा. दाराची रुंदी मोजलीय का, खालच्या फरश्या वजन पेलतील का, मध्येच उतरवायची वेळ आली तर जागा आहे का, यातलं काहीही त्याच्या डोक्यात आलेलं नसायचं.

हा झाला पहिला धडा. दुसरा त्याहून छोटा होता. भार हवेत असताना कुणीही 'थांब' म्हणालं, अगदी रस्त्याने जाणारा भाजीवाला म्हणाला, तरी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. का, म्हणून विचारायचं नाही. जे काय विचारायचं ते भार जमिनीला टेकल्यावर. आणि ते 'थांब' उगाचचं निघालं, तरी हसायचं नाही.

"आज तुम्ही हसलात," मुकादम सांगायचा, "तर उद्या तो गप्प बसेल. आणि उद्याचंच खरं असेल."

एकदा टोळीतला पैलवान हसला होता. पैलवान म्हणजे नुसतं नाव; अंगाने तो वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा होता. पण साखळी ओढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी मुकादमाने त्याला दोन दिवस घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी तो आला तो तोंडाला कुलूप लावून.

ही कामावरची अक्कल मुकादमाने घरीदारीही वापरली. शेजारी चुलतभावाबरोबर भागीदारीत दुकान टाकायला निघाला, तेव्हा मुकादमाने विचारलं, "भांडलात तर दुकान कुणाचं, ते ठरलंय?" ते ठरलं नव्हतं. ठरवायला बसले तर तिथेच भांडले, आणि दुकान राहून गेलं, भाऊ मात्र राहिले. पुतणी सासूला चार शब्द सुनावायला फोन हातात घेऊन बसली होती. मुकादम म्हणाला, "सुनाव. सुनावून झाल्यावर चहा कुठे करणार? त्याच ओट्यावर ना?" तिने फोन ठेवला. नंतर सुनावलंच तिने, पण समोर बसून, आवाज खाली ठेवून, आणि चहाही तिथेच झाला.

त्याची बायको म्हणायची, "यांच्यापुढे ताट ठेवायला गेलं तरी विचारतील, उतरवणार कुठे?"

आणि हाच माणूस गेल्या हिवाळ्यापासून स्वतः एक ओझं घेऊन अधांतरी लटकत होता.

त्याचे कान जात होते.

आधी बारीक आवाज गेले. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, फोन. मग बायकांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायला लागले. मुकादमाने कुणाला सांगितलं नाही. तो माणसांच्या ओठांकडे बघायला शिकला. पाठ भिंतीला लावून बसायला शिकला, म्हणजे मागून कुणी बोलायला नको. चार जण हसले की पाचवा हसायचा. आणि कामावर, गल्लीच्या मधोमध उभं राहून उजवा हात वर धरायचा. बोट गोल फिरलं की भार वर. तळवा खाली दाबला की भार खाली. मूठ वळली की थांब. साखळी ओढणारा फक्त त्या हाताकडे बघायचा, आणि हात सगळ्यांचं ऐकून हलायचा.

ऐकू येत नाही हे एकदा कळलं, की त्या हातावर कोण जीव टाकणार? आणि तो हात खाली आला, तर मग मुकादम कोण? पाठ दुखणारा, दम लागणारा एक पोक्त माणूस. तेवढाच.

म्हणून तो हात वरच राहिला. परवापर्यंत काही बिघडलंही नव्हतं.

परवा एका लॉन्ड्रीत कपडे धुवायच्या यंत्राचा भलामोठा ड्रम तळघरात सोडायचा होता. खाली अंधुक उजेडात, ड्रमच्या आड मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वर झरोक्याच्या तोंडाशी मुकादम. साखळीवर पैलवान, भिंतीपलीकडे; त्याला खिडकीतून मुकादमाचा हात तेवढा दिसायचा, खालचं काही दिसायचं नाही, ऐकूही यायचं नाही. मुकादमाचा तळवा खाली, खाली, खाली.

आणि एकाएकी साखळी सैल पडली. ड्रम टेकला होता. मुकादमाने वाकून बघितलं. मेहुणा भिंतीला चिकटून उभा, उजवा हात छातीशी, हातमोजा नाही. हातमोजा ड्रमखाली होता.

"थांब म्हणालो होतो, भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते, त्यामुळे वाचायला वेळ लागला.

 मुकादमाच्या तोंडातून निघालं ते हे, "मोठ्याने बोलत जा की. पुटपुटल्यासारखं काय?"

मेहुण्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. बरं, म्हणाला. मग ड्रम पुन्हा उचलून हातमोजा काढला. चामड्याचा जाड मोजा, इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती, शाळेच्या गणवेशांचा ढीग बाजूला. मुकादम तिच्या मागे पलंगावर टेकला. यंत्राचा ठकठकाट त्याला पायांतून कळत होता. ठकठकाट थांबला. ती तशीच पाठमोरी बसून राहिली. थोड्या वेळाने तिने मान जराशी हलवली. म्हणजे ती काहीतरी बोलली असणार.

"हं," मुकादम म्हणाला. "बरं."

ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच धास्ती वाटली.

"काय म्हणाले मी?"

"तेच ते. उद्याचं."

"घराला आग लागलीय म्हणाले. तुम्ही म्हणालात, बरं."



"दादा येऊन गेला," ती म्हणाली. धाकट्या भावालाही ती दादाच म्हणायची. "बोलला काही नाही. नवा हातमोजा शिवून मागितला. जुना कुठे गेला विचारलं तर म्हणतो, हरवला. हातमोजा हरवतो का हो कुणाचा, एकच?"

"हरवतो कधीकधी."

"उद्याचं काम थांबवा."

"का?"

तिने हातातली कात्री खाली ठेवली. "कामावर विचारता का, का म्हणून?"

"ते काम आहे. हे घर आहे."

"तिसऱ्या मजल्याच्या उघड्या कडेवर माझा भाऊ उभा राहणार आहे. ते घर नाही?" ती त्याच्या समोर आली, ओठ नीट दिसतील अशी. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, केव्हापासूनचं. "जगाला विचारत फिरता ना. मग हे कानात घेऊन हिंडताय, ते उतरवणार कुठे? कुणाच्या डोक्यावर?"

"मला येतं ऐकू," मुकादम म्हणाला आणि त्याने तिच्याकडे पाठ केली. पाठ केली म्हणजे तिचं पुढचं बोलणं त्याच्यापुरतं संपलं. ही सोय त्याला अलीकडे फार आवडू लागली होती. त्या संध्याकाळी मात्र त्याची मान अवघडली, इतका वेळ तो भिंतीकडे बघत बसला.

*

दुसऱ्या दिवशीचं सामान म्हणजे पियानो. संगीत शिकवणाऱ्या एक बाई नव्या घरात राहायला आल्या होत्या. जिना अरुंद, वळणाचा. म्हणून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा काढला होता. गच्चीतून लोखंडी तुळई बाहेर काढली, तिला साखळीची कप्पी लटकवली. पियानो घोंगड्यांत गुंडाळून, पट्टे आवळून खाली फळ्यांवर ठेवला होता.

"जपून हं," बाई म्हणाल्या. "माझ्या आईचा आहे."

उचलण्याआधी टोळीची एक रीत होती. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि आज काय बिघडेल ते प्रत्येकाने एकेक सांगायचं. बाहेरच्यांना ते अभद्र वाटायचं. मुकादम म्हणायचा, जे तोंडाने बोललं, त्याच्यावर डोळा राहतो.

"वारा," पैलवान म्हणाला.

"बाईंचं मांजर," टोळीतला लांब्या म्हणाला. तो गच्चीत तुळईपाशी थांबणार होता. "मघापासून माझ्याकडे बघतंय. त्याच्या मनात काहीतरी आहे."

सगळे हसले. मुकादमही हसला, एक क्षण उशिरा.

मेहुण्याची पाळी आली. एका हातात जुना काळा पडलेला मोजा, दुसऱ्या हातात बहिणीने शिवलेला कोरा. त्याने मुकादमाकडे सरळ बघितलं, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "माझा आवाज खाली पोचला नाही तर."

मुकादमाला प्रत्येक अक्षर वाचता आलं.

"मोठ्याने ओरड," तो म्हणाला.

"बरं."

"तुमचं, मुकादम?" पैलवानाने विचारलं. शेवटचं नेहमी मुकादमाचं असायचं, आणि तेच सगळ्यात घाबरवणारं असायचं.

"माझं काही नाही. चला."

पैलवान आणि लांब्याने एकमेकांकडे बघितलं. असं आजवर झालं नव्हतं.

पियानो उठला. मुकादमाचं बोट हवेत गोल फिरत होतं. पैलवान गच्चीच्या कठड्यावरून त्या बोटाकडे डोळे लावून साखळी ओढत होता. त्याच्या मागे पाण्याचा पंप धडधडत होता, त्यामुळे त्याला दुसऱ्या कुणाचं ऐकू येणं शक्यच नव्हतं. पहिला मजला. दुसरा. वाऱ्याची झुळूक आली तसा पियानो थोडा फिरला, पुन्हा सरळ झाला. वर मेहुणा कमरेला दोर बांधून उघड्या कडेवर उभा होता. त्याचे ओठ हलत होते. ये. ये. येऊ दे. मुकादम ते वाचत होता, आणि बोट फिरत होतं. जमतंय की, तो मनात म्हणाला. उगाच घाबरवतात.

पियानो गॅलरीशी आला आणि मेहुण्याचा चेहरा त्याच्यामागे गेला.

आधी हनुवटी गेली, मग ओठ, मग डोळे. उरले फक्त केस, आणि पियानोच्या वरच्या कडेवर टेकलेला कोरा हातमोजा. मोजा हलला. 'ये' म्हणून हलला, की 'नको' म्हणून? मुकादमाने डोळे ताणले. घामाचा थेंब पापणीत उतरला.

त्याने गल्लीत नजर फिरवली. समोरच्या टपरीवाल्याचं तोंड हलत होतं. बाईंचं तोंड हलत होतं. खिडकीतली एक म्हातारी हात वर करून काही सांगत होती. साऱ्या गल्लीची तोंडं हलत होती, आणि त्यातल्या एका तोंडात जर 'थांब' असेल, तर ते त्याच्याशिवाय सगळ्यांना ऐकू आलं होतं.

बोट अजून फिरत होतं. ते आपणच फिरवतोय हे मुकादमाला त्या क्षणी जाणवलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो सपाट हातमोजा आला.

त्याने मूठ वळली.

साखळी थांबली. पियानो हवेत, गॅलरीपासून हातभर. मुकादम जागचा हलला नाही. मूठ तशीच वर. कुणी काही विचारलं नाही. पैलवान वरून नुसता बघत राहिला, साखळी गच्च धरून.

बाई मात्र टोळीतल्या नव्हत्या. त्या त्याच्या पुढ्यात आल्या. "काय झालं? आलाच की वर. एवढासा तर राहिलाय."

तेच तर. एवढासा राहिलाय. मुकादमाच्याही मनात तेच होतं. एवढा वर आणला, हातभरासाठी काय थांबायचं? मोजा 'ये'च म्हणत असेल. नक्कीच म्हणत असेल. आणि खाली आणला, तर साऱ्या गल्लीसमोर, टोळीसमोर, एक गोष्ट बोलावी लागेल. ती बोलली की संपलं.

उतरवणार कुठे?

जागा होती. त्यानेच सकाळी फळ्या मांडून ठेवल्या होत्या, अशीच वेळ आली तर म्हणून.

मूठ उघडली. तळवा खाली झाला.

पैलवान क्षणभर घुटमळला. मग साखळी उलटी फिरायला लागली.

"अहो, खाली कुठे?" बाई म्हणाल्या.

"वर जागा आवडली नसेल त्याला," टपरीवाला म्हणाला, आणि चार जण खिदळले. मुकादमाला ते हसणं दिसलं. पियानो दुसऱ्या मजल्यावर आला, पहिल्या मजल्यावर आला. मेहुण्याचा चेहरा वर पुन्हा दिसायला लागला, गोरामोरा, पण धड. पियानो फळ्यांवर टेकला. साखळी सैल झाली.

टोळी खाली आली आणि त्याच्याभोवती उभी राहिली. आता विचारायला हरकत नव्हती. भार जमिनीवर होता. पण लांब्या बुटांकडे बघत होता, पैलवान हाताला लागलेलं ग्रीस पुसत होता, पुसून झालं तरी पुसत होता.

"मला ऐकू येत नाही," मुकादम म्हणाला. किती मोठ्याने बोललो हे त्याला कळलं नाही. टपरीवाला वळला, म्हणजे मोठ्यानेच असेल. "बरेच दिवस झाले. तोंडं बघून चालवत होतो. वर याचं तोंड दिसेना." तो मेहुण्याकडे वळला. "आणि परवा तू पुटपुटला नव्हतास."

"नाही," मेहुणा म्हणाला. "घसा बसलाय माझा अजून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस सगळ्यांना?"

मेहुण्याने खांदे उडवले. "तुमचा हात खाली आणणारा मी कोण? वाट बघत होतो, तुम्हीच आणाल म्हणून." मग जरा थांबून, "आज कडेवर उभं राहून मात्र वाटलं, फार वाट बघितली."

 मुकादमाने मेहुण्याचा हात धरला, कोऱ्या मोज्यासकट, आणि धरून ठेवला.

"म्हणजे," पैलवान हळूच म्हणाला, "पाठीमागून मी घातलेल्या सगळ्या शिव्या वाया गेल्या?"

लांब्याने त्याला कोपर मारलं. पण मुकादमाने ते ओठ वाचले होते.

"सगळ्या नाही," तो म्हणाला. "समोरून घातलेल्या पोचल्या."

बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "म्हणजे मघापासून माझ्या आईचा पियानो ऐकू न येणाऱ्या माणसाच्या हातावर लटकत होता?"

"हो बाई. म्हणून तर खाली आणला." मुकादमाने डोक्याला बांधलेला रुमाल सोडला. "हे पोचवतील. मी निघतो. माझं काम झालं."

"निघता कुठे?" मेहुण्याने त्याच्या समोर येऊन विचारलं. "मी खाली उभा राहिलो, तर वरच्या कडेवर कोण? मांजर?"

"मी काय करणार तिथे?"

"तिथे काय करायचं असतं? पियानो आला की हात लावायचा, आत घ्यायचा. तिथे कान कशाला लागतात? माझी मूठ वळली की वरून लांब्या तुमच्या दोराला हिसका देईल; हिसका बसला की थांबायचं, एवढं ठरवू. या." आणि त्याने स्वतःच्या कमरेचा दोर सोडून भाऊजींच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली.

उघड्या कडेवरून गल्ली वेगळीच दिसत होती. मुकादम गेली कित्येक वर्षं तिथे उभा राहिला नव्हता. खाली मधोमध मेहुणा, उजवा हात वर. तो हात मुकादमाला फार लहान वाटला, आणि आपला सगळा जीव त्या लहानशा हातावर आहे हे पहिल्यांदाच नीट कळलं. इतकी वर्षं बाकीच्यांनी हे कसं सोसलं, कोण जाणे.

पियानो आला. गल्ली त्याच्यामागे झाकली गेली. मुकादमाने दोन्ही तळवे घोंगडीवर टेकले. आतल्या तारांची थरथर हातांत उतरत होती. अजून थोडा. अजून.

कमरेच्या दोराला हिसका बसला.

पियानो थांबला. मुकादमही थांबला. समोर नुसती घोंगडी, काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. 'का?' जिभेच्या टोकावर आलं. काय दिसलं त्याला? पट्टा सरकला? तुळई वाकली? मी सरकू की इथेच राहू? त्याने ओठ मिटले. दुसऱ्यांना हे सांगणं किती सोपं होतं.

किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं. मग पुन्हा थरथर सुरू झाली, पियानो कडेवर आला, मुकादमाने आणि धावत खाली आलेल्या लांब्याने तो आत ओढला, आणि चाकं फरशीला लागली.

मेहुणा जिना चढून धापा टाकत आला. मुकादमाने पहिलं तेच विचारलं, "का थांबवलंस?"

"पट्टा सरकल्यासारखा वाटला."

"सरकला होता?"

"नाही." मेहुणा ओशाळला. "सावली होती."

मुकादमाने लांब्याकडे बघितलं, पैलवानाकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं.

"चांगलं केलंस," तो म्हणाला. "असंच थांबवत जा."

बाईंनी घोंगड्या काढायला लावल्या. झाकण उघडलं, उभ्या उभ्याच एकेक पट्टी दाबत गेल्या. एका पट्टीशी थांबल्या, ती पुन्हा दाबली, आणि मुकादमाकडे वळल्या. "ही वाजतेय ना हो?"

खोलीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वर्षभराच्या सवयीने 'झकास' अगदी ओठांवर आलं होतं.

"मला नका विचारू, बाई," मुकादम म्हणाला. "याला विचारा."

मेहुण्याने कान पुढे केला. "नाही वाजत. मुकीच आहे ती."

"हो," बाई म्हणाल्या. "ती माझ्या लहानपणापासून मुकी आहे. मी आपलं बघत होते, कोण खरं सांगतंय."

मेहुण्याने ते मुकादमाला समोर येऊन, सावकाश, पुन्हा सांगितलं. या वेळी मुकादम समजून हसला, सगळ्यांच्या नंतर, आणि एकटाच हसत राहिला.